परदेशातल्या खाणीचा हक्क वादात असेल, तर भागधारकाने काय तपासावं

खाण कंपनीचा शेअर घेताना बहुतेकजण एकच आकडा बघतात: जमिनीखाली किती सोनं आहे, किती तांबं आहे. तो आकडा बऱ्याचदा खराही असतो. पण तो माल बाहेर काढायचा हक्क कुणाचा, हे त्या आकड्यातून कळत नाही. व्हेनेझुएलाच्या बोलिव्हार राज्यातल्या लास क्रिस्तिनास इथे सुमारे 1.7 कोटी औंस सोन्याचा साठा मोजला गेला होता. त्याच्या भरवशावर क्रिस्टलेक्स या कॅनडाच्या कंपनीत हजारोंनी पैसे गुंतवले. कंपनीला तिथून एक औंसही काढता आला नाही.

असा वादातला शेअर तुमच्याकडे असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर पुढच्या क्रमाने जा. लागणारे कागद फुकट मिळतात. अमेरिकेच्या बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे एडगर या सरकारी संकेतस्थळावर, कॅनडातल्या कंपन्यांचे सेडार प्लसवर.

पायरी 1: हक्क कुणाच्या नावावर आहे ते बघा

वार्षिक अहवालात उपकंपन्यांचा तक्ता असतो. खाण ज्या कंपनीच्या नावावर आहे ती त्या तक्त्यात शोधा आणि तिथून तुमच्या शेअरपर्यंतची साखळी जोडा. झांबियातली कोंकोला कॉपर माइन्स हे आपल्या ओळखीचं उदाहरण. मे 2019 मध्ये झांबियाने या कंपनीवर हंगामी अवसायक (कंपनी गुंडाळण्यासाठी नेमलेला अधिकारी) नेमला. तिचे 79.4 टक्के शेअर होते लंडनच्या वेदांता रिसोर्सेसकडे. मुंबईच्या बाजारात ज्या वेदांता लिमिटेडची खरेदी-विक्री होते, तिच्याकडे नव्हे. नाव सारखं म्हणून जोखीम सारखी, असं धरून चालू नका. उलटही धरू नका, कारण लंडनची कंपनी ही मुंबईच्या कंपनीची पालक कंपनी आहे, आणि वरच्या कंपनीला पैशांची चणचण भासली की तिची नजर खालच्या कंपनीच्या लाभांशाकडे जाते.

पायरी 2: हक्काचा प्रकार आणि त्याचा इतिहास

इथे घाई करू नका, सगळी गोम इथेच असते. क्रिस्टलेक्सने 1997 मध्ये लास क्रिस्तिनासच्या दोन कन्सेशनवर (सरकारने दिलेल्या खाणहक्कांवर) दावा सांगणारी एक कंपनी विकत घेतली. पुढच्याच वर्षी व्हेनेझुएलाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. मग सप्टेंबर 2002 मध्ये सीव्हीजी या सरकारी महामंडळाशी तिचा करार झाला. तो खाण चालवण्याचा करार होता, मालकी सरकारकडेच राहिली. त्याआधी प्लेसर डोम ही कंपनी तिथे महामंडळाची भागीदार होती. 2001 मध्ये तिने आपला हिस्सा व्हॅनेसा व्हेंचर्सला विकला, महामंडळाने करार मोडला आणि व्हॅनेसाही आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली. एकाच जमिनीवर इतके हात पडलेले दिसले, की आपल्या कंपनीचा कागद पक्का आहे हे तिच्याच पत्रकावरून मानू नये. आधीच्या प्रत्येक दावेदाराचं काय झालं ते वेगळं शोधून काढा.

करार कोणत्या मार्गाने झाला, तेही बघा. पनामातल्या कोब्रे पनामा या तांब्याच्या खाणीचा करार 1997 चा. जाहीर निविदा न काढता तो दिला गेला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तो मंजूर करणारा कायदा घटनाबाह्य ठरवला. निकाल 2018 मध्ये जाहीर झाला, तरी फर्स्ट क्वांटम कंपनीने खाण पूर्ण करून 2019 मध्ये उत्पादन सुरू केलं. ऑक्टोबर 2023 मध्ये नवा करार झाला, लोक रस्त्यावर उतरले आणि नोव्हेंबरच्या अखेरीस न्यायालयाने तोही रद्द केला. जगातलं सुमारे 1 टक्का तांबं देणारी खाण बंद पडली. शेअरचा भाव काही आठवड्यांत निम्म्याहून खाली आला. धोक्याचा कागद मात्र पाच वर्षं सगळ्यांसमोर होता.

गोव्याच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. पोर्तुगीज काळातली खाणींची कन्सेशन्स 1987 च्या कायद्याने रद्द होऊन खाणपट्टे झाली आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं.

पायरी 3: परवाने

करार हातात असला तरी परवाना नसेल तर खाण नाही. मे 2007 मध्ये व्हेनेझुएलाच्या पर्यावरण खात्याने क्रिस्टलेक्सला हमी रक्कम आणि कर भरायला सांगितलं. परवाना आता आलाच, असं सगळे समजले. एप्रिल 2008 मध्ये खात्याने तो नाकारला आणि शेअर कोसळला. म्हणून कंपनीची पत्रकं वाचताना ‘मिळाला’ आणि ‘मिळण्याच्या अंतिम टप्प्यात’ या शब्दांखाली वेगवेगळ्या रंगाने रेघा मारा. अंतिम टप्पा दोन-तीन वर्षं चाललेला दिसला, तर त्या खाणीची किंमत तुमच्या हिशेबात शून्य धरा.

पायरी 4: कर्जाची तारीख

ताळेबंदामागच्या टिपा उघडा. रोखे कधी फेडायचे आहेत? आजची रोकड किती महिने पुरेल? कंपनी पुढे चालू राहण्याबद्दल लेखापरीक्षकाने शंका नोंदवली आहे का? क्रिस्टलेक्सचे 10 कोटी डॉलरचे रोखे डिसेंबर 2011 मध्ये फेडायचे होते. लास क्रिस्तिनासचा करार त्याच वर्षी फेब्रुवारीत रद्द झाला होता. डिसेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षण, म्हणजे धनकोंच्या वसुलीपासून न्यायालयाचं संरक्षण, मागितलं.

पायरी 5: लवादाचा निवाडा म्हणजे तुमचे पैसे नव्हेत

हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण ‘कंपनी केस जिंकणार’ एवढ्यावरच लोक शेअर धरून बसतात. एप्रिल 2016 मध्ये क्रिस्टलेक्स व्हेनेझुएलाविरुद्धचा लवाद खरंच जिंकली: सुमारे 120 कोटी डॉलर आणि वर व्याज. पण खटला लढायला तिने 2012 मध्ये एका फंडाकडून 3.6 कोटी डॉलर उचलले होते आणि बदल्यात निव्वळ वसुलीचा 35 टक्के वाटा लिहून दिला होता. पुढे तो वाटा वाढत गेला. व्हेनेझुएलाने रक्कम सुखासुखी दिली नाही, म्हणून व्हेनेझुएलाच्या सरकारी मालकीच्या सिटगो या तेल कंपनीच्या मालक कंपनीचे शेअर जप्त करण्यासाठी अमेरिकेतल्या डेलावेअरच्या न्यायालयात वेगळी लढाई लढावी लागली.

रांग अशी असते: वकील आणि खटल्याला पैसे पुरवणारे, मग रोखेधारक आणि इतर धनको, सगळ्यात शेवटी भागधारक. कागद घ्या, दाव्याच्या रकमेतून या प्रत्येकाचं देणं वजा करा, उरलेल्या रकमेला एकूण शेअरसंख्येने भागा. मधल्या काळात नवे शेअर निघतील तेही धरा. फर्स्ट क्वांटमने 2024 च्या सुरुवातीला मोठ्या प्रमाणावर नवे शेअर विकले. शिवाय वाटाघाटीच्या टेबलावर दावे मागेही घेतले जातात: याच कंपनीने मार्च 2025 मध्ये पनामाविरुद्धचा एक लवाद सोडून दिला.

पायरी 6: निर्णय

वादातली खाण शून्य धरून कंपनीच्या बाकीच्या धंद्याची किंमत काढा. ती आजच्या बाजारभावाच्या आसपास येत असेल, तर थांबायला आधार आहे. कंपनीकडे दुसरी खाणच नसेल, तर तुमच्याकडे आहे तो कोर्टकचेरीवर लावलेला डाव. तिथे बुडाले तरी घर हलणार नाही इतकेच पैसे ठेवा, आणि भाव पडला म्हणून सरासरी काढायला आणखी शेअर घेऊ नका.

भारतातून असे शेअर घेतले असतील, तर प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात ते दाखवा, भाव मातीमोल झाला असला तरी. तोटा पुढच्या 8 वर्षांपर्यंत ओढता येतो. त्यासाठी शेअर खरोखर विकलेला हवा आणि विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं. म्हणून विकायचंच ठरलं, तर शेअर बाजाराच्या यादीतून उतरण्याआधी विका. नंतर गिऱ्हाईक मिळणं कठीण जातं.