विहिरीचं पाणी मोजा: पाणलोटाच्या कामाचा परिणाम तपासण्याची पद्धत

पाणलोटाचे अहवाल बहुतेक एकाच चालीवर लिहिले जातात: इतके मीटर सलग समतल चर, इतके माती नाला बांध, इतके घनमीटर गाळ. हे झालेलं काम आहे. त्या कामानं गावात पाणी किती टिकलं, ते यातून कळत नाही. ते कळायला विहिरी मोजाव्या लागतात, आणि लहान संस्थेलाही ते सहज झेपतं. ३० मीटरचा टेप, लाल ऑइलपेंट, एक वही आणि गावातलाच एक नेटका माणूस, एवढ्यावर सुरुवात होते.

हजारेक हेक्टरच्या पाणलोटात १५ विहिरी घ्या: पाच माथ्याच्या, पाच मधल्या, पाच पायथ्याच्या. बंधाऱ्याला लागून असलेल्याच निवडू नका, तिथं पाणी वाढणारच. शिवाय जिथं काम झालेलं नाही, पण खडक आणि पाऊस तसाच आहे, अशा शेजारच्या गावातल्या चार-पाच विहिरी घ्याच. २०१८ मध्ये राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि २०१९ मध्ये राज्यात सरासरीपेक्षा जास्त पाऊस पडला. मे २०१९ आणि मे २०२० ची पातळी शेजारी ठेवली, तर जिथं कुदळही पडली नाही तिथलीही विहीर वर आलेली दिसू शकते. शेजारच्या विहिरी नसतील तर पावसाचं श्रेय तुमच्या बांधाला जातं.

मोजायची जागा ठरवा: कठड्यावर लाल बाण काढा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा. वजन असं बांधा की त्याचा तळ टेपच्या शून्याशी जुळेल. ते खाली लोंबत राहिलं तर प्रत्येक नोंदीत तेवढी चूक शिरते. समजा टेपवर ७.८५ मीटर आलं आणि कठडा जमिनीपासून ०.६० मीटर उंच आहे, तर पाणी जमिनीखाली ७.२५ मीटरवर आहे. वहीत तिन्ही आकडे लिहा. एकानं कठड्यापासून आणि दुसऱ्यानं जमिनीपासून मोजलं, की पाणी कागदावरच ६० सेंटिमीटर वर येतं.

विहीर कोरडी असेल तर ‘कोरडी’ असंच लिहा. शून्य लिहिलं तर संगणक ती काठोकाठ भरलेली धरतो आणि सरासरी बिघडते. मोजायचं राहिलं असेल तर ‘मोजली नाही’ लिहा. मोकळी चौकट ठेवू नका.

मोटार चालू असताना किंवा नुकती बंद झालेली असताना मोजू नका. ‘पहाटे मोजा’ एवढ्या सूचनेवर भागत नाही, कारण शेतीची थ्री-फेज वीज काही दिवस रात्रीची असते आणि मोटार पहाटेपर्यंत चाललेली असते. म्हणून ‘मोटार शेवटची कधी बंद केली?’ हा रकाना हवाच.

राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत निरीक्षण विहिरी मोजते. तुम्हीही तेच महिने धरा आणि सगळ्या विहिरी एकाच आठवड्यात उरका. गावात पर्जन्यमापक बसवा, झाड किंवा भिंत जितकी उंच असेल त्याच्या दुप्पट तरी अंतरावर. रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या. महसूल मंडळाच्या ठिकाणी मोजलेला पाऊस तुमच्या शिवारात पडतोच असं नाही.

दर फेरीत दोन-तीन विहिरी त्याच दिवशी दुसऱ्या माणसाला मोजायला लावा. पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोघांना एकत्र विहिरीवर पाठवा. बहुतेक वेळा खूण पुसलेली किंवा मोटार चाललेली निघते. मानधन किंवा शाबासकी ‘पाणी वाढलं’ यावर कधीच अवलंबून ठेवू नका. तसं केलंत तर वहीत पाणी वाढतच राहील.

खरी कसोटी आकड्यांचा अर्थ लावताना लागते. पाणी वाढलं की लोक कांदा वाढवतात, जास्त अश्वशक्तीची मोटार बसवतात, विहिरीत आडवे बोअर मारतात. मग मे महिन्यातली पातळी पूर्वीइतकीच दिसते आणि ‘परिणाम शून्य’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात पाणी पिकात गेलेलं असतं. म्हणून दर मार्चमध्ये त्याच विहिरींचं रब्बीचं क्षेत्र, पीक, मोटारी, नवे बोअर आणि खोलीकरण यांची नोंद करा. गावात पहिला टँकर कोणत्या महिन्यात आला, तेही लिहा. गावकऱ्यांना तो आकडा सगळ्यात आधी समजतो.

ऑक्टोबरचे आकडे आठवड्याभरात, रब्बीची पेरणी ठरायच्या आत, ग्रामसभेत मांडा. हिवरे बाजारला दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात, ते याच वेळेच्या बळावर. हाच आलेख जूनमध्ये देणगीदाराच्या अहवालात छापून आला तर शेतकऱ्याच्या काही कामाचा नाही. भिंतीवर मोठा कागद लावा, विहिरींना मालकाच्या नावानं नाही तर क्रमांकानं ओळखा, आणि प्रश्न एकच विचारा: यावर्षी कांदा किती, हरभरा किती? ठरलेलं, करणाऱ्याचं नाव आणि तारीख वहीत लिहा. तुमच्या कामाचंही तसंच: माथ्याच्या विहिरी शेजारच्या गावाइतक्याच वेगानं उतरत असतील, तर पुढच्या वर्षीचा आराखडा तिथून सुरू करा. पुढच्या ऑक्टोबरच्या बैठकीत आधी तेच पान उघडा.