सुख नावाच्या गावातलं वीजकेंद्र: इतिहास लिहायचा तर असा लिहा

माझी भाची पत्रकार. तिने युक्रेनमधल्या लुहान्स्क औष्णिक केंद्रावर लेख लिहिला आणि "मामा, जरा बघ ना" म्हणून पाठवला. दुसऱ्याच ओळीत होतं, "२०१४ मध्ये केंद्र उद्ध्वस्त झालं." मी तीस वर्षं विदर्भातल्या एका केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट केलेली. ट्रिप (बिघाड जाणवून यंत्र आपोआप थांबणं), बंद आणि उद्ध्वस्त यांत आमच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक. सप्टेंबर २०१४ मध्ये गोळाबारीने तिथे आग लागली, केंद्र थांबलं, लुहान्स्क प्रांत अंधारात गेला, हे खरं. पण ते पुन्हा उभं राहिलं आणि २०२२ पर्यंत वीज देत होतं.

तेव्हा पहिलं काम: एक साधी वही घ्या, लॉगशीटसारखे रकाने आखा. तारीख, काय थांबलं, कशामुळे, परत कधी सुरू, आणि त्या दिवशी भट्टीत काय जळत होतं. शेवटचा रकाना सगळे विसरतात. खरा इतिहास त्यातच असतो.

कारण कोळसा म्हणजे नुसता कोळसा नव्हे. आपला कोळसा राखेने भरलेला, पण लवकर पेट घेतो. पावसाळ्यात ओला होऊन बंकरात (भट्टीआधीच्या कोळशाच्या टाकीत) अडला की आम्ही बाहेरून घण मारून पाडायचो, ज्वाला डळमळली की ऑइल गन, म्हणजे तेलाचे बर्नर, लावायचे, की गाडी चालू. लुहान्स्कचं हे केंद्र १९५० च्या दशकातलं, दोनबासच्या (पूर्व युक्रेनमधल्या खाणपट्ट्याच्या) अँथ्रासाइट कोळशावर चालणारं. अँथ्रासाइटमध्ये वायुरूप होऊन जळणारा भाग फार थोडा. उष्णता भरपूर, पण पेटायला महाहट्टी. त्याचे बॉयलरच वेगळे. दुसऱ्या जातीचा कोळसा आणून ओतला, असं होत नाही.

आता नकाशा उघडा. गावाचं नाव श्चास्त्या, म्हणजे सुख. केंद्र सिवेर्स्की दोनेत्स नदीच्या उत्तर काठावर. लुहान्स्क शहर दक्षिणेला, पलीकडे. २०१४ नंतर युक्रेन आणि रशियासमर्थक फुटीरतावादी यांच्यातली आघाडी नदीच झाली. केंद्र युक्रेनकडे राहिलं, अँथ्रासाइटच्या खाणी पलीकडे गेल्या. २०१७ च्या मार्चमध्ये तिकडचा कोळसा पूर्ण थांबला. उरलेल्या देशाकडचा रेल्वेमार्ग तुटलेला, त्यामुळे कोळशाच्या वाघिणी यायच्या रशियातून! २०१९ मध्ये रशियाने तीही वाट बंद केली आणि केंद्राला महागड्या गॅसवर जावं लागलं. त्या वर्षी तिथे एकही तोफगोळा पडला नसता, तरी वहीत ओळ लिहावीच लागली असती.

मग तारा बघा. मुख्य ग्रिडशी जोडणाऱ्या लाइन्स तुटल्यामुळे हे केंद्र उत्तरेकडच्या भागाला एकटंच सांभाळत होतं. आम्ही याला आयलंडिंग म्हणतो. मोठ्या ग्रिडमध्ये एखादा फीडर (वीज वाहून नेणारी लाइन) उडाला तर शेकडो जनित्रं तो धक्का वाटून घेतात. बेटावर तो सगळा तुमच्याच टर्बाइनवर. वारंवारितेचा काटा ५० हर्ट्झवरून सरकला की ऑपरेटरच्या तळहाताला घाम सुटतो. असली पाळी मी दोनदाच केली, तीही तासाभराची. त्यांनी ती वर्षानुवर्षं केली, म्हणून लेखात फक्त सैनिक आणू नका, शिफ्ट इंचार्जही आणा.

छायाचित्रांबाबत सावध राहा. काळाकुट्ट धूर दिसला की "कोळशाचा साठा पेटला" असं लिहायचा मोह होतो. बऱ्याचदा तो ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा असतो. धूर चिमणीपाशी आहे की स्विचयार्डात (ट्रान्सफॉर्मर आणि लाइन्सच्या आवारात), आधी ते शोधा.

आणि तारखा गोल करू नका. "फेब्रुवारी २०२२ च्या आक्रमणात बंद पडलं" असं भाचीने शेवटी लिहिलं होतं. रशियाचं चौफेर आक्रमण सुरू झालं २४ ला. या केंद्रावर गोळे पडून ते थांबलं २२ ला, दोन दिवस आधी. मी तिथे लाल पेनाने गोल केला आणि लेख परत पाठवला.