जपानमध्ये रस्ता विचारताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रश्न पाठ करायचा आणि उत्तराची तयारी शून्य. '... वा दोको देस का' म्हणजे अमुक कुठे आहे, हे तर ॲपवर पाच मिनिटांत येतं. पण समोरचा जे सांगेल त्याचं काय?

माझा मावसभाऊ असाच. शिंजुकु स्टेशनात तोक्योच्या सरकारी इमारतीचा, म्हणजे तोचोचा रस्ता त्याने एकदम खणखणीत जपानीत विचारला (४५ व्या मजल्यावरून शहर फुकट बघायला मिळतं, म्हणून). उच्चार इतका झकास की स्टाफला वाटलं ह्याला सगळं येतं, तो सुटलाच. हानताइगावा, निशि-गुची, असं बरंच काही. भाऊ प्रत्येक वाक्याला 'हाय, हाय' (म्हणजे हो, हो) करत मान हलवतोय, शेवटी वाकून अरिगातो, आणि मग सगळ्या वरातीला घेऊन थेट पूर्वेच्या गेटमधून काबुकिचो नावाच्या भलत्याच भागात! स्टाफ बिचारा सांगत होता की विरुद्ध बाजूला जा, पश्चिमेच्या गेटने. दोनशेच्या वर एक्झिट आहेत त्या स्टेशनला, परत फिरेपर्यंत सगळ्यांचे पाय गेले.

म्हणून आधी उत्तरं पाठ करा. मिगी उजवीकडे, हिदारी डावीकडे, मास्सुगु सरळ. किता, मिनामी, हिगाशि, निशि म्हणजे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, आणि गुची म्हणजे गेट. ऐकलेलं मी हात दाखवून परत विचारते, 'मिगी देस का?' नाहीच कळलं तर कागद-पेन पुढे करून 'चिझु ओ काइते कुदासाइ', नकाशा काढून द्या. लाज कसली त्यात?

पण पहिलाच प्रश्न 'हाच रस्ता ना?' असा विचारूच नका. 'हाय' म्हणजे नुसतं 'ऐकतोय' पण असू शकतं. दोन्हीकडे बोट करून 'दोच्ची देस का', कुठल्या बाजूला, असं विचारा.

सुरुवात 'सुमिमासेन'ने, म्हणजे 'माफ करा, जरा ऐकता का'.

आणि उच्चार 'देसू' नाही, देस.

इंग्रजी स्पेलिंगवरून पाठ करणाऱ्यांना तर मी हात जोडते. देवनागरीत लिहून घ्या ना!

धावत्या माणसाला अडवू नका, गेटवरचा स्टाफ नाहीतर कोबान म्हणजे पोलीसचौकी गाठा, रस्ता सांगणं हे त्यांचं रोजचंच काम आहे. बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत, त्यामुळे पत्ता जपानीत लिहिलेला जवळ ठेवा.

आणि निघण्याआधी 'आरुइते नानपुन देस का', चालत किती मिनिटं. जुप्पुन म्हणजे १०, निजुप्पुन म्हणजे २०. बॅगा घेऊन २० मिनिटं चालण्यापेक्षा सरळ टॅक्सी करा, फक्त मागच्या दाराला हात लावू नका, ते ड्रायव्हरच उघडतो, आतून.