रशियन शिक्षक संघटनेच्या कार्यकारिणीत जायचंय? या चुका टाळा

अकरावीला जर्मन-फ्रेंच सोडून रशियन घेणारी मुलं टिकवायची कशी, हे रोज त्या वर्गासमोर उभं राहणाऱ्यालाच नेमकं ठाऊक असतं. म्हणून शाळा-कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकांनी भाषा-शिक्षक संघटनेच्या पदांसाठी उभं राहायलाच हवं. पुण्यात अशा संघटनेची निवडणूक छोटी असते, मतदार एकमेकांना ओळखतात. तरीही चांगले उमेदवार मागे पडतात, ते बहुतेक वेळा कागदांमुळे आणि आखणी नसल्यामुळे.

थकलेली वर्गणी

अर्ज बाद होण्याचं हे सगळ्यात साधं कारण. संस्था नोंदणी अधिनियम १८६० च्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांहून जास्त काळ वर्गणी थकलेल्या सभासदाला मत देता येत नाही. उमेदवार स्वतःची वर्गणी वेळेवर भरतो, पण सूचक आणि अनुमोदक यांची पाहत नाही. अर्ज भरण्याच्या निदान महिनाभर आधी तिघांचीही नावं सभासद नोंदवहीत तपासा. यूपीआयचा स्क्रीनशॉट पुरेसा धरू नका. कोषाध्यक्षांकडून क्रमांक असलेली पावती घ्या. अनुमोदक एकच ठेवलात आणि त्याच्या सभासदत्वावर हरकत आली, तर छाननीच्या दिवशी हातात काही उरत नाही. दुसरा तयार ठेवा.

याच वेळी संघटनेची घटना मागून घ्या आणि वाचा. पदासाठी किती वर्षांचं सभासदत्व लागतं, मुखत्यारपत्राने मत चालतं का, टपाली मतदान आहे का, हे प्रत्येक संघटनेत वेगळं असतं. अनुदानित संस्थेत नोकरी असेल तर प्राचार्यांची परवानगी लेखी घ्या, तीही अर्जाच्या आधी.

निवेदनात फक्त पदव्या

रानडे इन्स्टिट्यूटची पदविका, मॉस्कोच्या पुश्किन संस्थेतला अभ्यासक्रम, तोर्फल या रशियनच्या परीक्षेतली पातळी हे सगळं दोन ओळींत बसवा. मतदाराला पुढच्या दोन वर्षांत काय होणार ते हवं असतं. ‘रशियन भाषेचा प्रसार करीन’ या वाक्यावर कुणी मत देत नाही, कारण ते उद्या तपासता येत नाही. अडीचशे शब्दांत तीन कामं लिहा, प्रत्येकापुढे महिना, खर्च आणि जबाबदार माणूस.

निवेदनात रशियन मजकूर असेल तर जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करू नका. दुसऱ्याच्या संगणकावर सिरिलिक, म्हणजे रशियन लिपीच्या, अक्षरांची रांगोळी होते. युनिकोड फॉन्ट वापरा आणि पीडीएफ करूनच पाठवा.

स्पर्धेचं आश्वासन, गणिताशिवाय

आंतरमहाविद्यालयीन संभाषण स्पर्धा हे शालेय शिक्षकाचं सगळ्यात भक्कम आश्वासन. अमेरिकेत रशियन शिकवणाऱ्या शिक्षकांची एसीटीआर ही संघटना शालेय मुलांसाठी रशियन संभाषणाची ‘ऑलिंपियाडा’ ही स्पर्धा घेते. तो नमुना इथेही चालण्यासारखा आहे. पण गणित आधी मांडा. ४० मुलं, प्रत्येकी ५ मिनिटं संभाषण आणि २ मिनिटं गुण लिहून पुढच्याला बोलावण्यासाठी, म्हणजे २८० मिनिटं. एकाच परीक्षक-जोडीवर हे पावणेपाच तासांचं काम पडतं आणि शेवटच्या दहा मुलांना थकलेले कान मिळतात. दोन जोड्या ठेवल्यात तर साधारण अडीच तासांत संपतं. जोड्या दोन झाल्या की गुणांत तफावत येते, म्हणून पहिली तीन मुलं चौघांनी मिळून ऐकावीत, गुण ताडून पाहावेत आणि मगच वेगळं व्हावं. कुठल्याही परीक्षकाकडे स्वतःचा विद्यार्थी जाता कामा नये. हे निवेदनातच लिहा. विश्वास तिथेच बसतो.

तारीखही अनेकांची चुकते. ६ जून हा पुश्किनचा जन्मदिवस आणि संयुक्त राष्ट्रांचा रशियन भाषा दिन, म्हणून मोह होतो. पण तेव्हा आपल्याकडे सुट्टी आणि अकरावी प्रवेशाची धावपळ असते. मुलं मिळत नाहीत. फेब्रुवारी-मार्च बारावीच्या परीक्षेत जातो. दिवाळीची सुट्टी संपल्यावर डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ धरा.

‘रशियातून निधी आणू’

हे आश्वासन देऊच नका. परदेशी देणगी घ्यायची तर परकीय अंशदान नियमन कायद्याखाली संघटनेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. वस्तूरूपाने आलेल्या मदतीलाही हा कायदा लागू होऊ शकतो, त्यामुळे पुस्तकांची खोकी मागवण्याआधी सनदी लेखापालांशी बोला. माप्रियाल ही रशियन शिकवणाऱ्यांची जागतिक संघटना १९६७ मध्ये स्थापन झाली. तिच्याशी तुमची ओळख असेल तर ती आनंदाने सांगा, पण वैयक्तिक सभासदत्व आणि आपल्या संघटनेचं सामूहिक सभासदत्व यांची सरमिसळ करू नका. जाणकार सभासद लगेच विचारतात.

प्रचार फक्त ग्रुपवर

व्हॉट्सअॅप ग्रुपवर निवेदन टाकून थांबू नका. खाजगी वर्ग घेणारे, निवृत्त शिक्षक, एखाद्या तुकडीपुरते नेमलेले तासिका तत्त्वावरचे शिक्षक यांना स्वतः फोन करा आणि त्यांची एक अडचण लिहून घ्या. प्रतिस्पर्ध्याबद्दल काही बोलू नका. उद्या त्याच कार्यकारिणीत बसायचं असतं.

निवडून आल्यावर

खरी गाडी इथे अडते. संघटना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेली असेल, तर विश्वस्तांतला बदल कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत बदल अर्जाने धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त आणि नव्या सदस्यांची संमतिपत्रं जोडायची असतात. नोटीस घटनेत टपालाने लिहिलेली असताना फक्त मोबाइलवर गेली, तर नेमकी तीच हरकत येते. या कागदांवर मावळत्या अध्यक्ष-कार्यवाहांच्या सह्या निकालाच्या दिवशी, सभागृह सोडण्याआधी घ्या. या सह्या नसल्या की बँकेतला सह्यांचा बदल रखडतो, आणि डिसेंबरच्या स्पर्धेसाठी सभागृहाची अनामत भरायला पैसे काढता येत नाहीत.