लग्नाच्या हॉलमधून आइस हॉकीकडे

जालन्याच्या एमआयडीसीत माझं लेथ आणि वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. पोरगी 15 वर्षांची. सहाव्या वर्षापासून स्केटिंग करते, गेली चार वर्षं इनलाइन हॉकी, म्हणजे चाकांच्या स्केट्सवरची हॉकी खेळते, आणि तीन वेळा खऱ्या बर्फावर खेळून आली. हे कळल्यापासून परभणी, बीड, लातूरहून फोन येतात, "आमच्या लेकराला आइस हॉकीत करिअर करायचंय, सुरुवात कुठून करू?" फोनवर जे सांगतो तेच इथं लिहितो.

आधी घरात खरं बोलून घ्या. कॅनडात लेकरू चार-पाच वर्षांचं असतानाच बर्फावर उतरतं. सोळाव्या वर्षी ज्युनियर लीग, अठराव्या वर्षी एनएचएलचा ड्राफ्ट, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगचे संघ आळीपाळीनं नवी पोरं निवडतात ती निवड. संघ 32 आणि फेऱ्या 7, म्हणजे जगभरातून वर्षाला सव्वादोनशेच्या आसपास पोरं निवडली जातात. 2025-26 च्या हंगामात तिथला किमान पगार 7 लाख 75 हजार डॉलर होता. त्याखाली तिथल्याच दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या लीग एएचएल आणि ईसीएचएल, शिवाय स्वीडन, फिनलंड, झेक, जर्मनीच्या लीग. भारतीय वंशाचा रॉबिन बावा 1989 मध्ये एनएचएलमध्ये खेळला. मॅनी मल्होत्रा 1998 च्या ड्राफ्टमध्ये सातवा निवडला गेला. अर्शदीप बैन्सला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं, तरी 2024 मध्ये तो व्हँकुव्हरकडून उतरला. पण तिघंही कॅनडातच वाढले. आपल्याकडे या खेळावर घर चालेल अशी लीग नाही. इथले सगळ्यात तगडे संघ आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) आणि सैन्याच्या लडाख स्काउट्सचे, म्हणजे खेळाडूचा पगार नोकरीतून येतो. म्हणून मी पोरीला एनएचएलचं स्वप्न दाखवलं नाही, भारताच्या जर्सीचं दाखवलं. 2025 मध्ये यूएईतल्या अल ऐनला आपल्या मुलींनी आशिया चषकात कांस्य जिंकलं, तो फोटो तिच्या कपाटावर चिकटवलेला आहे. शाळा सोडायची नाही, हेही तेव्हाच ठरलं.

आता तयारी. बर्फ वर्षातून दहा-बारा दिवस मिळणार. उरलेले साडेतीनशे दिवस पायांवर घालवा. चार चाकांच्या जोडीचे जुने स्केट्स नकोत, एका रांगेत चाकं असलेले इनलाइनच घ्या, कारण बर्फावरच्या ब्लेडसारखा तोल त्यातच साधतो. आम्हाला एका दुकानदाराने "वाढतं लेकरू आहे" म्हणत दोन नंबर मोठे दिले. सहा महिने तिचा घोटा आत वळत राहिला आणि मी तिलाच "पाय सरळ ठेव" म्हणून रागावत होतो. स्केट घट्टच हवा. उभं राहिल्यावर अंगठा पुढं जेमतेम टेकावा, गुडघे वाकवले की सुटावा. हॉकीचे बर्फाचे स्केट्स तर चपलेच्या नंबरापेक्षा एक-दीड नंबर लहानच बसतात.

जागेसाठी आम्ही एका मंगल कार्यालयाच्या मालकाला गाठलं. गुळगुळीत कोबा, वर पत्रा, लग्न नसेल त्या दिवशी पहाटे पाच ते सात. मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, सातनंतर पत्र्याखाली थांबवत नाही. रंगाचे रिकामे डबे मांडायचे आणि त्यांच्याभोवती आठचा आकडा काढायचा, एका पायावर, पुढं आणि उलटंही. इथं एक गोष्ट नीट बघा. आपल्याकडची बहुतेक लेकरं स्पीड स्केटिंगमधून येतात आणि शर्यत नेहमी डावीकडंच वळते. त्यामुळं उजवं वळण कच्चं राहतं. हॉकीत समोरचा बचावपटू हे दोन मिनिटांत ओळखतो. आम्ही पूर्ण एक पावसाळा फक्त उजवीकडं वळलो.

दम वाढवायला पाच-पाच किलोमीटर पळवू नका. आइस हॉकीत खेळाडू चाळीस-पंचेचाळीस सेकंद जीव तोडून खेळतो आणि बाकावर येतो. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव असेच चालतात. आम्ही मोती तलावावर 40 सेकंद पूर्ण ताकदीनं पळतो, दोन मिनिटं थांबतो, असं आठ वेळा.

हातांसाठी फार खर्च लागत नाही. पक म्हणजे चेंडूऐवजी असते ती चकती. तो रबराचा, तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजन 156 ते 170 ग्रॅम. प्लॅस्टिकची जाड गुळगुळीत शीट अंगणात टाकली की तो बर्फासारखा सरकतो. स्टिक पायात बूट असताना नाकापर्यंत, स्केट्सवर हनुवटीपर्यंत. ज्या हातानं लिहितो तो हात वर धरून बघू द्या, बहुतेकांना तो सोयीचा जातो. मैदानी हॉकी खेळलेली पोरं स्टिकची एकच बाजू वापरतात, इथं पात्याच्या दोन्ही बाजू चालतात, ती सवय मोडायला वेळ द्या. स्टिक साधी चालेल. पैसा आधी स्केट्स, जाळीचं हेल्मेट आणि गळ्याच्या गार्डवर घाला. 2023 मध्ये इंग्लंडमध्ये अॅडम जॉन्सन हा खेळाडू सामन्यात गळ्याला ब्लेड लागून गेला, त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघानं आपल्या स्पर्धांमध्ये गळ्याचं गार्ड सक्तीचं केलं. आमच्या घरी सरावालाही त्याशिवाय उतरू देत नाही.

आणि धार. यावर मी जास्त बोलतो, कारण चूक माझ्याच हातून झाली. ब्लेड म्हणजे सुरीसारखी एक धार नसते. खालून बघितलं तर मधोमध बारीक पन्हळ असते आणि तिच्या दोन कडा, आतली आणि बाहेरची, ह्याच खऱ्या धारा. पहिल्या वेळी मी आपल्या बेंच ग्राइंडरवर सपाट घासलं. पोलाद तापून निळं पडलं, पाणी उतरलं म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, पन्हळही गेली. रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, तिला वळताच येईना, पाय साबणावर ठेवल्यासारखे सरकत होते. तीन दिवसांतला एक दिवस त्यात गेला. ती रडली नाही, पण रात्री जेवलीही नाही. धार स्केट्सच्या मशीनवरच लावून घ्या. लावून आल्यावर नखाची पाठ कडेवर हळूच आडवी ओढा, पांढरा भुगा निघाला तर धार आहे. मग दोन्ही कडांवर एक नाणं आडवं ठेवा आणि ब्लेडच्या रेषेत समोरून बघा. नाणं एका बाजूला कललेलं दिसलं तर एक कड उंच राहिलीय, परत द्या.

बर्फासाठी आम्ही जालन्याहून सचखंड एक्स्प्रेस धरतो, दिल्लीला उतरतो. गुरुग्रामच्या मॉलमधली रिंक लहान आहे, पण पहिल्यांदा पाय ठेवायला पुरते. पूर्ण मापाची रिंक डेहराडूनला आहे. 2011 मध्ये बांधलेली, बरीच वर्षं बंद होती, 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी फक्त थांबायला शिकवा. चाकांवर लेकरू पाय मागं ओढून थांबतं. बर्फावर दोन्ही ब्लेड झटक्यात आडवी करून बर्फ खरवडावा लागतो. बरोबर जमलं की 'खर्रर्र' असा आवाज येतो आणि पांढरा फवारा उडतो. पोरीला ते चाळिसाव्या-पन्नासाव्या खेपेला जमलं, मी काचेपलीकडं उभा होतो, तो आवाज मलाही ऐकू आला. उतरल्यावर ब्लेड कोरड्या फडक्यानं पुसा आणि प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवून प्रवास करू नका, कव्हरात ओल राहते, जालन्याला येईपर्यंत गंज धरतो. जुन्या टॉवेलात गुंडाळा.

लेहला जायचं ठरलं तर साडेतीन हजार मीटरची उंची आहे, पहिले दोन दिवस लेकराला नुसतं झोपू द्या, रिंकवर नेऊ नका. 2024 पासून खेलो इंडियाची आइस हॉकी तिथंच होते. निवडीसाठी जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या कागदावर नावाचं स्पेलिंग एकच असू द्या आणि पासपोर्ट आत्ताच काढून ठेवा. भारताच्या शिबिराला बोलावणं आलं तर मग धावपळ नको.

एक अडचण मात्र दरवर्षी येते. तुळशीचं लग्न झालं की आमचा हॉल लग्नांना जातो, आणि लेहला बर्फ धरायचा हंगाम त्यानंतरच येतो. म्हणून दिवाळी संपली की वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत मी स्वतः कोबा घोटून घेतो, बारा फूट बाय चाळीस. तेवढ्यात उजवं वळण बसतं.