परदेशात हाडांचं ऑपरेशन करायचंय?
रुग्णालयाच्या चकचकीत फोटोंपेक्षा सर्जनचा अनुभव बघा. नेमकं तुमचंच ऑपरेशन, समजा गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाचं (लिगामेंटचं), तो वर्षाला किती वेळा करतो आणि त्यातल्या किती जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, हे सरळ विचारा. टाळाटाळ झाली तर दुसरीकडे बघा. रुग्णालयाला जेसीआय हे आंतरराष्ट्रीय मानांकन असलं तर उत्तमच, पण ते रुग्णालयाच्या कामकाजाचं असतं, सर्जनच्या हाताचं नव्हे. एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, डायकॉम फाइल्स, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमा पाठवा. खुबा किंवा गुडघा बदलल्यावर लांबच्या विमानप्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा. आणि हो, इम्प्लांटच्या (शरीरात बसवलेल्या कृत्रिम भागाच्या) पाकिटावरचं लॉट नंबरचं स्टिकर मागून घ्या. पुढे कधी तो बदलायची वेळ आली, तर नव्या डॉक्टरला पहिल्यांदा तेच लागतं.