मेलेल्या वन्यप्राण्याचे नमुने घेताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तपासणीसाठी लोणच्याची एक बरणी आली. आत बिबट्याचं अख्खं फुफ्फुस कोंबलेलं आणि काठोकाठ फॉर्मेलीन, म्हणजे अवयव कुजू नये म्हणून वापरायचं औषधी द्रावण. अरुंद तोंडातून ते बाहेर निघेना, शेवटी बरणी फोडावी लागली. कापून पाहिलं तर वरचा थर राखाडी आणि घट्ट, आतला भाग मात्र लालसर, लिबलिबीत, वास मारणारा. औषध आत पोचलंच नव्हतं. पाठवणाऱ्या वनरक्षकाने जिवापाड मेहनत घेतली होती. नमुना कसा घ्यायचा हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. अहवालात 'न्यूमोनिया' एवढंच लिहिता आलं. तो कशामुळे झाला, ते कायमचं राहून गेलं.

वन्यप्राण्यांच्या आजारांत आपलं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. पुढे यंत्रं कितीही चांगली असोत, प्रत्येक वनपरिक्षेत्रात नमुना वेगळ्या पद्धतीने घेतला आणि वेगळ्या शब्दांत लिहिला, तर दोन ठिकाणच्या मृत्यूंची तुलनाच करता येत नाही.

आधी जिवावर बेतणारी चूक सांगतो. गवा, हरीण किंवा हत्ती अचानक मेलेला दिसला, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल, पोट फुगलं असेल, तर चाकू लावू नका. ती काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. शव उघडलं की जंतूंना हवा मिळते, ते बीजाणू बनवतात आणि मातीत कित्येक दशकं टिकून राहतात. अशा वेळी हातमोजे आणि मास्क घालून पशुवैद्यकाने कानाच्या शिरेतून रक्ताची काचपट्टी घ्यावी. ती तपासून होईपर्यंत थांबा. वरिष्ठांनी कितीही घाई केली तरी थांबा.

आता पुन्हा फॉर्मेलीनकडे. नेहमीचा घोळ असा, की सगळे अवयव फॉर्मेलीनमध्ये जातात, नाहीतर सगळेच डीप फ्रीझरमध्ये. फॉर्मेलीनमध्ये विषाणू मरतो, त्यामुळे तो प्रयोगशाळेत वाढवता येत नाही. गोठवलेल्या तुकड्यात बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली काही धड दिसत नाही. म्हणून प्रत्येक अवयवाचे दोन तुकडे घ्यायचे. एक १० टक्के बफर्ड फॉर्मेलीनमध्ये, जाडी एक सेंटिमीटरच्या आत, आणि तुकड्याच्या दहापट द्रावण. दुसरा निर्जंतुक डबीत, आइस पॅक लावलेल्या थर्माकोलच्या डब्यात. बरणी रुंद तोंडाचीच हवी. चांगला भाग आणि बिघडलेला भाग जिथे भेटतात, ती कड तुकड्यात आलीच पाहिजे. आजाराची खूण बहुतेक वेळा तिथेच सापडते.

लेबल पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई ओलाव्याने पसरते. कागदाचा एक तुकडा बरणीच्या आत टाका, दुसरा बाहेर चिकटवा. झाकणावर कधीच लिहू नका, कारण झाकणं बदलली जातात.

दुसरी मोठी चूक म्हणजे डोळ्यांना दिसलेली गोष्ट आणि मृत्यूचं कारण एकाच रकान्यात लिहिणं. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया भागात २३ सिंह मेले. सुरुवातीला आपसातल्या झुंजी हे कारण पुढे आलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत नमुने तपासले गेले तेव्हा कॅनाइन डिस्टेंपर हा मुख्यतः कुत्र्यांत आढळणारा विषाणू सापडला. काही सिंहांत गोचिडांमधून येणारा बॅबेशिया हा रक्तातला परजीवीही होता. जखम खरी असू शकते, पण आजारी सिंह झुंजीत कमी पडला हेही तितकंच खरं असू शकतं. म्हणून 'मानेवर चार दातांच्या खुणा, फुफ्फुसाचा खालचा भाग कठीण' हे एका रकान्यात लिहा. 'प्राथमिक अंदाज' वेगळ्या रकान्यात. अंतिम कारणाची जागा प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत रिकामी ठेवा. ती रिकामी सोडायला धैर्य लागतं, पण सोडा.

गिधाडांच्या बाबतीत हीच घाई फार महागात पडली असती. ती झपाट्याने मरू लागली तेव्हा बऱ्याच जणांना एखादा संसर्ग असावा असं वाटत होतं. मेलेल्या पक्ष्यांच्या आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर दिसायचा, मूत्रपिंडं निकामी झालेली असायची. २००४ मध्ये उलगडा झाला, की गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे औषध शवातून गिधाडांच्या पोटात जात होतं. भारतात जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. विषाची तपासणी यादीत नसेल तर विष सापडणार नाही. म्हणून यकृत, मूत्रपिंड आणि जठरातलं अन्न स्वच्छ डब्यांत वेगवेगळं घेतलंच पाहिजे, संशय असो वा नसो.

कुत्र्यांसाठी बनवलेली झटपट चाचणीची किट बिबट्यावर वापरणंही सर्रास चालतं. ती त्या प्राण्यावर पारखलेली आहे का, हे आधी विचारा. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमपुस्तकात वन्यप्राण्यांसाठी चाचण्या पारखण्याचं स्वतंत्र प्रकरण आहे, ते उगीच नाही. शिवाय रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, सापडली म्हणजे तो प्राणी त्याच आजाराने मेला असं होत नाही. कधीतरी त्या जंतूशी त्याची गाठ पडली होती, इतकाच त्याचा अर्थ.

देखरेखीच्या नोंदींतही गोंधळ असतो, आणि दक्षिण कोकणात आम्ही तो जवळून पाहतो. माकडताप, म्हणजे गोचिडांमधून माणसांना होणारा विषाणूचा ताप, १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीत, २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात माणसं आजारी पडली. माकडांचे मृत्यू हा इथला पहिला इशारा असतो. पण नोंदीत नुसतं 'माकड' लिहिलेलं असतं. लाल तोंडाचं माकड की काळ्या तोंडाचं वानर, ते लिहा, सोबत फोटो जोडा. मृत माकडाच्या जवळ उघड्या पायांनी जाऊ नका, शव थंड झालं की गोचिडी उतरून आसपास पसरतात.

अक्षांशाचं तर विचारूच नका. १५ अंश ४५ मिनिटं म्हणजे दशांशात १५.७५. कुणी ते १५.४५ असं लिहिलं की ठिपका ३३ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. दोडामार्गचं माकड नकाशावर गोव्यातल्या फोंड्याच्या बाजूला जाऊन पडतं आणि औषध फवारणारे भलत्याच रानात फिरतात. सगळ्यांनी दशांश अंशच वापरायचे, हे जिल्ह्यात एकदा ठरवून टाका.

आणि 'काही सापडलं नाही' हेही लिहा. आठवडाभरात किती गस्ती झाल्या, किती किलोमीटर चालणं झालं, हे नसेल तर शून्य मृत्यू म्हणजे जंगल निरोगी की कुणी फिरकलंच नाही, ते कळत नाही. एका बीटवर, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीत, पाच शवं आणि शेजारी एकही नाही, यात फरक आजाराचा आहे की पायपिटीचा, हे त्या एका आकड्यावरच ठरतं.

पाठवण्याच्या दिवसाकडेही लक्ष द्या. शुक्रवारी संध्याकाळी पार्सल टाकलं तर ते शनिवारी दुपारी पोचतं आणि सोमवारपर्यंत वितळलेल्या आइस पॅकमध्ये पडून राहतं. आधी प्रयोगशाळेला फोन करा, कोण उतरवून घेणार त्याचं नाव विचारा, आणि शक्य असेल तर सोमवारी किंवा मंगळवारी सकाळीच डबा गाडीत ठेवा. बर्फ नमुन्याला थेट चिकटणार नाही, हे झाकण लावण्यापूर्वी एकदा पाहून घ्या.